टॅब बदलून परत आलं की भरलेला फॉर्म जातो: आधी कारण ओळखा, मग उपाय

दहावी-बारावीचे निकाल लागल्यापासून प्रवेशाची शेवटची फेरी होईपर्यंत आमच्या सेवा केंद्रात एक वाक्य सारखं कानावर पडतं. "ताई, परत पहिलं पान आलं." फॉर्म पाऊण भरून झालेला असतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर बघायला म्हणून दुसऱ्या टॅबवर जावं लागतं, आणि परत येऊन बघावं तर लॉगिनचं पान. नाव, जन्मतारीख, गुण, बँकेचा खाते क्रमांक, सगळं पुन्हा.

यावर आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. मीही ते बरीच वर्षं दिलं. एकदा वाडीवरून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाप-लेकीला ते दिलं, तेव्हा वडिलांनी काही न बोलता कागद पिशवीत भरले. त्यांची त्या दिवसाची रोजी बुडाली होती, दुसऱ्या दिवसाचीही बुडणार होती. त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी त्याच पोर्टलवर माझ्या भाचीचा फॉर्म भरायला बसले, घड्याळ समोर ठेवून. सर्व्हर नीट चालू होता. पान जात होतं ते वेगळ्याच कारणांनी, आणि कारण एक नव्हतं, तीन होती. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून नेटवर वाचलेला एखादा उपाय एकाच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि शेजारच्याच्या चालत नाही.

वरच्या पट्टीवर दहा टॅब दिसतात म्हणजे दहा पानं उघडी आहेत, असं आपण धरून चालतो. पण पट्टीवर असतं ते फक्त पानाचं नाव आणि छोटं चिन्ह. ते पान अजून मेमरीत आहे का, त्याचं लॉगिन अजून चालू आहे का, आणि ते लॉगिन नेमकं कोणाचं आहे, यातलं काहीच त्या पट्टीवरून कळत नाही. गोंधळ होतो तो या तीन ठिकाणीच.

परत येतानाचा क्षण नीट बघा

ओळखण्याची खूण सोपी आहे, फक्त घाईत ती निसटते. दुसऱ्या टॅबवरून परत येताना फॉर्मच्या टॅबवर क्लिक केल्याबरोबर काय होतं ते बघा.

क्लिक करताच पान क्षणभर पांढरं झालं, टॅबवर गोल फिरायला लागलं आणि पान नव्याने आलं, तर ब्राउझरने ते पान मेमरीतून काढून टाकलेलं होतं.

पान होतं तसंच दिसलं, भरलेली माहितीही जागेवर आहे, पण 'सेव्ह' किंवा 'नेक्स्ट' दाबल्यावर लॉगिनचं पान किंवा 'सेशन एक्स्पायर्ड' आलं, तर पोर्टलने ठरवलेली वेळ संपली होती. ब्राउझरचा त्यात काही दोष नाही.

आणि पान दिसतंय, सेव्हही होतंय, पण वर कोपऱ्यात दुसऱ्याच विद्यार्थ्याचं नाव आलंय, तर हात तिथेच थांबवा. तिसरं कारण तेच आहे आणि तिघांत सर्वांत घातक तेच आहे.

पहिली दोन कारणं एकत्रही येतात. पान मेमरीतून गेलेलं आणि लॉगिनही संपलेलं, तर क्लिक करताच थेट लॉगिनचं पान समोर येतं. अशा वेळी किती मिनिटांनी परत आलो ते बघावं. दोन-तीन मिनिटांत झालं असेल तर संशय मेमरीवर. वीस मिनिटं किंवा अर्धा तास उलटला असेल तर सेशनवर, म्हणजे लॉगिनच्या मुदतीवर.

पान मेमरीतून का काढलं जातं

टॅब काही नवे नाहीत. 1994 सालच्या इंटरनेटवर्क्स नावाच्या ब्राउझरमध्येही ते होते. मोझिलात 2001 मध्ये आले, आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पोहोचायला 2006 उजाडलं, सातवी आवृत्ती. तेव्हा एक टॅब अडकला की अख्खा ब्राउझर अडकायचा. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आला तो वेगळी मांडणी घेऊन: बहुतेक टॅबना आपापली स्वतंत्र प्रक्रिया. एक कोसळला तरी बाकीचे उभे राहतात. फायदा मोठा होता, पण प्रत्येक टॅब मेमरीचा आपला वेगळा वाटा मागू लागला. मग मेमरी अपुरी पडली की मागे पडलेले टॅब सोडून द्यायचे, पट्टीवर नाव तेवढं ठेवायचं, आणि कोणी क्लिक केलं की पान नव्याने आणायचं, अशी सोय ब्राउझरमध्ये आली. क्रोममध्ये ती 2015 मध्ये आली. डिसेंबर 2022 च्या 108 व्या आवृत्तीपासून 'मेमरी सेव्हर' या नावाने सेटिंग्जमध्ये दिसू लागली. फायरफॉक्सने ऑक्टोबर 2021 च्या 93 व्या आवृत्तीत विंडोजसाठी असंच केलं. एजमध्ये याला 'स्लीपिंग टॅब्ज' म्हणतात.

बातम्या वाचणाऱ्या माणसाला ही सोय चांगली. चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पीडीएफ, व्हॉट्सॲप वेब आणि फॉर्म एकाच वेळी चालवणाऱ्याला मात्र ती महागात पडते.

आता एक प्रश्न मला पडला होता तो तुम्हालाही पडेल. अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब मेमरी सेव्हर बंद करत नाही, असं क्रोमच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. आवाज चालू असलेले टॅब, डाउनलोड चालू असलेले, पिन केलेले आणि अर्धवट फॉर्म असलेले टॅब त्यातून वगळलेले असतात. मग आपला फॉर्म का जातो? प्रवेशाचे किंवा शिष्यवृत्तीचे फॉर्म एका पानाचे नसतात. पहिलं पान वैयक्तिक माहितीचं, दुसरं पत्त्याचं, तिसरं शिक्षणाचं, चौथं कागदपत्रांचं. 'नेक्स्ट' दाबून चौथ्या पानावर आलात, तिथे अजून एकही अक्षर टाइप केलेलं नाही आणि दाखला शोधायला दुसऱ्या टॅबवर गेलात, तर ब्राउझरच्या लेखी ते नुकतंच उघडलेलं कोरं पान असतं. मागची तीन पानं तुम्ही घाम गाळून भरलीत हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय मेमरी अगदीच संपत आली तर मेमरी सेव्हर बंद असला तरी टॅब सोडून दिले जाऊ शकतात.

करायचं ते असं. क्रोममध्ये सेटिंग्ज, तिथे परफॉर्मन्स, तिथे मेमरी सेव्हर. संपूर्ण बंद करण्यापेक्षा त्याच जागी खाली 'ऑलवेज कीप धीज साइट्स ॲक्टिव्ह' अशी यादी आहे, तिच्यात आपली तीन-चार पोर्टलं टाका. एजमध्ये सेटिंग्जमध्ये सिस्टिम अँड परफॉर्मन्सखाली स्लीपिंग टॅब्जची वेळ 12 तासांपर्यंत वाढवता येते आणि कधीच झोपवू नयेत अशा साइट्सची यादीही करता येते. एजचा झोपलेला टॅब फिकट दिसतो. तो बहुतेकदा होता तसाच जागा होतो, पान नव्याने आणावं लागत नाही, हा त्यातला चांगला भाग.

खात्री करून घ्यायची असेल तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि 'डिस्कार्ड्स' असं इंग्रजीत टाइप करा. उघड्या टॅबची यादी येते. तिथून एखादा टॅब मुद्दाम मेमरीतून काढता येतो. चाचणी म्हणून एक साधं पान उघडा, ते तिथून काढा आणि मग त्या टॅबवर परत जा. तुम्हाला रोज दिसतं तेच दिसलं तर निदान पक्कं झालं. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी 'अबाउट', कोलन, 'अनलोड्स' असं पान आहे. फायरफॉक्सची एक गोष्ट मला मनापासून आवडते: काढलेला टॅब परत आणताना टाइप केलेला मजकूर आणि पान कुठपर्यंत खाली सरकवलं होतं तेही तो शक्यतो परत आणतो.

कोण किती मेमरी खातंय ते क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून दिसतं. आमच्याकडे फॉर्मच्या टॅबपेक्षा व्हॉट्सॲप वेबचा आणि नकाशाचा टॅब कितीतरी जास्त खात होता. नकाशा कोणी उघडला होता ते कोणाला आठवत नव्हतं, तो दिवसभर तसाच पडून होता. ज्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचे त्याची रॅम आम्ही चारची आठ जीबी केली. केंद्रावर केलेल्या खर्चात इतका उपयोगी खर्च दुसरा झालेला नाही असं माझं मत आहे.

सेशन संपणं: टाइप करणं सर्व्हरला दिसत नाही

लोकांना हे कारण पटवून देणं सर्वांत कठीण जातं. "अहो ताई, मी उठलोच नाही जागेवरून, सारखा टाइप करत होतो, मग वेळ कशी संपली?"

तुम्ही टाइप करता ते तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या ब्राउझरमध्ये. पोर्टलच्या सर्व्हरकडे काही जातं ते 'सेव्ह' किंवा 'नेक्स्ट' दाबल्यावर, फाइल अपलोड केल्यावर, किंवा जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी येते तशा वेळी. मधल्या काळात तुम्ही पानभर मजकूर लिहिला तरी सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही गप्प बसलेले असता. ठराविक मिनिटं गप्प राहिलेल्या माणसाला सर्व्हर बाहेर काढतो, कारण सार्वजनिक जागी कोणी लॉगिन उघडं ठेवून उठून गेलं तर त्याच्या माहितीचा गैरवापर होऊ नये. नियम आपल्याच भल्याचा आहे.

ही मिनिटं पोर्टल बनवणारे ठरवतात. त्यांनी मुद्दाम काही ठरवलं नसेल तर पोर्टल ज्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं असतं त्याचा मूळ आकडा लागू होतो: टॉमकॅटवर 30 मिनिटं, एएसपी डॉट नेटवर 20 मिनिटं, आणि पीएचपीत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मार्गदर्शनात साध्या साइटसाठी 15 ते 30 मिनिटं आणि जोखमीच्या कामांसाठी, म्हणजे पैशांच्या वगैरे, 2 ते 5 मिनिटं अशी सर्वसाधारण मर्यादा दिली आहे. त्यामुळे शुल्क भरण्याच्या पानावर आल्यावर एटीएम कार्ड शोधायला घरी फोन लावायचा, हे जमणारं नाही.

काही पोर्टलांवर कोपऱ्यात उलटं घड्याळ असतं. ते बघून निश्चिंत राहू नका. मागे पडलेल्या टॅबमधली अशी घड्याळं ब्राउझर मुद्दाम हळू चालवतो. 2021 च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम 88 पासून, टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे राहिला की त्यातली सतत टिकटिकणारी कामं मिनिटातून एकदाच चालवली जातात. घड्याळ दर टिकटिकीला एक सेकंद कमी करत जाणारं असेल, तर परत आल्यावर त्यात बारा मिनिटं शिल्लक दिसतील आणि सर्व्हरकडे वेळ केव्हाच संपलेली असेल. भिंतीवरचं घड्याळ बघा.

यावर ब्राउझरमध्ये कोणतंही सेटिंग नाही. उपाय कामाच्या पद्धतीतच करावा लागतो. आम्ही आता पोर्टल उघडण्याआधी सगळी कागदपत्रं तयार करून घेतो: फोटो, सही, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रत्येक फाइल पोर्टलला हवी त्या आकारात, त्या विद्यार्थ्याच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये. फाइल लहान करायला दुसऱ्या टॅबवर जावं लागणं हेच अर्ध्या दुखण्याचं मूळ होतं. लॉगिन केल्यानंतर टॅब बदलण्याची गरजच पडू नये अशी तयारी आधी करायची. पोर्टलवर 'सेव्ह ॲज ड्राफ्ट' असेल तर प्रत्येक पानानंतर ते दाबायचं. पान पूर्ण झालेलं नसलं तरी दाबायचं, कारण त्या एका दाबण्याने सर्व्हरला आपण जागे असल्याचं कळतं आणि बहुतेक ठिकाणी मिनिटांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

लांब मजकूर, म्हणजे अर्जाचं कारण किंवा प्रकल्पाची माहिती, थेट पोर्टलवर लिहू नका. नोटपॅडमध्ये लिहा, तिथून चिकटवा. मराठी मजकुराची नोटपॅडमध्ये प्रश्नचिन्हं होतात हा जुना अनुभव अनेकांना आहे आणि म्हणून लोक त्याला घाबरतात. विंडोज 10 च्या 2019 सालच्या 1903 आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत साठवतं, आता देवनागरी व्यवस्थित टिकते. विंडोज 11 च्या नोटपॅडमध्ये तर टॅबही आले आहेत, आणि न साठवता बंद केलेला मजकूर पुढच्या वेळी परत येतो, जर त्याच्या सेटिंग्जमध्ये मागचं सत्र उघडण्याचा पर्याय चालू असेल तर. पण केंद्रावर हीच सोय अडचणीचीही आहे. एकाचा मजकूर दुसऱ्यासमोर उघडतो. काम झालं की तो टॅब पुसून टाका.

दोन टॅब, दोन विद्यार्थी, लॉगिन एकच

यात फॉर्म जात नाही, चुकीच्या नावावर जमा होतो. म्हणून यावर मी जास्त लिहिणार आहे.

गर्दी असते. एका मुलाचा ओटीपी येत नाही, त्याचे वडील शेतात आणि फोन त्यांच्याकडे. तोवर म्हणून आपण दुसऱ्या टॅबमध्ये तेच पोर्टल उघडतो आणि पुढच्या मुलीचं लॉगिन करतो. दहा मिनिटांनी पहिल्या मुलाचा ओटीपी येतो, आपण पहिल्या टॅबवर जातो. पानावर त्याचंच नाव दिसतं, कारण पान आधीचंच आहे. आपण पत्ता भरतो, सेव्ह करतो. तो पत्ता त्या मुलीच्या अर्जात जाऊ शकतो.

लॉगिनची ओळख टॅबमध्ये साठवलेली नसते. ती कुकीमध्ये, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत असते, आणि एका ब्राउझरमधल्या एका साइटच्या कुकीज सगळ्या टॅबना सामाईक असतात. दुसऱ्या टॅबमध्ये नवीन लॉगिन झालं की जुन्या ओळखीच्या जागी नवी बसते. पहिल्या टॅबला ते कळतही नाही. त्याने काही पाठवलं की नवी ओळख सोबत जाते. नीट बांधलेली पोर्टलं ही विसंगती पकडून दोघांनाही बाहेर काढतात, आणि मग आपण म्हणतो पोर्टल सारखं लॉगआऊट करतंय. सगळी पोर्टलं इतकी नीट बांधलेली नसतात.

दोन माणसांची कामं एकाच वेळी करायची असतील तर दोन वेगळ्या कुकी-पेट्या हव्यात. सर्वांत सोपं म्हणजे एक क्रोममध्ये, दुसरं फायरफॉक्समध्ये. क्रोम किंवा एजमध्येच करायचं तर वर उजवीकडच्या चित्रावर क्लिक करून वेगळं प्रोफाइल तयार करा. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज स्वतंत्र असतात. आम्ही दोन प्रोफाइलना दोन रंग दिले आहेत, निळी खिडकी आणि हिरवी खिडकी, आणि विद्यार्थ्याचे कागद त्याच रंगाच्या क्लिपमध्ये ठेवतो. फायरफॉक्सवाल्यांसाठी मोझिलाचंच 'मल्टि-अकाउंट कंटेनर्स' हे एक्स्टेन्शन आहे. त्यात एकाच खिडकीतले टॅब वेगवेगळ्या पेट्यांत ठेवता येतात आणि टॅबवर रंगाची रेघ येते. टॅब वेगळा म्हणजे माणूस वेगळा, हे पट्टीवर डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्था मला यातच सापडली.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीबद्दल, मोठा गैरसमज आहे. दोन इन्कॉग्निटो खिडक्या उघडल्या म्हणजे दोन वेगळी लॉगिन होतील असं वाटतं. तसं होत नाही. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांची मिळून एकच पेटी असते, आणि ती रिकामी होते ती शेवटची इन्कॉग्निटो खिडकी बंद केल्यावर. एक जरी खाली दडून राहिली तरी आधीच्या माणसाचं लॉगिन जिवंत असतं. नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडायला कंट्रोल+शिफ्ट+एन दाबण्याआधी टास्कबारवर नजर टाका.

आणि हा प्रकार घडूनच गेला असेल तर? काहीही सेव्ह न करता दोन्ही टॅब लॉगआऊट करा. मग एकेकाचं लॉगिन करून दोघांचे अर्ज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, विशेषतः बँक खातं आणि मोबाइल नंबर. त्या दोघांना समोर बसवून वाचा. शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या खात्यात गेली की ती परत आणायला कॉलेज, बँक आणि कार्यालय अशा चकरा मुलालाच माराव्या लागतात.

लाईट गेली, सगळेच टॅब गेले

लाईट जाऊन कॉम्प्युटर बंद पडला तर पुन्हा सुरू केल्यावर क्रोम 'रिस्टोअर' विचारतो. ती चौकट घाईत बंद केलीत तर कंट्रोल+शिफ्ट+टी दाबा. शेवटचा बंद झालेला टॅब येतो, आणि आख्खी खिडकी बंद झाली असेल तर खिडकी येते. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की आणखी मागचे येतात. इन्कॉग्निटो आणि गेस्टचे टॅब मात्र कधीच परत येत नाहीत.

या वेळी ब्राउझर सारखा उघड-बंद करणं टाळा. मागच्या सत्राची नोंद मोजक्याच फाइलींत असते आणि प्रत्येक उघड-बंदीत जुनी नोंद पुसली जाण्याचा धोका असतो. फायरफॉक्स ही नोंद साधारण दर 15 सेकंदांनी लिहितो. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'रिकव्हरी' आणि 'प्रीव्हियस' नावाच्या फाइली. टॅब फार महत्त्वाचे असतील तर फायरफॉक्स बंद ठेवून आधी त्या फोल्डरची प्रत डेस्कटॉपवर काढून घ्या, बाकीचे प्रयोग नंतर.

लाईट न जाताही सकाळी टॅब गायब होण्याचं एक साधं कारण आहे. पावती बऱ्याचदा छोट्या वेगळ्या खिडकीत उघडते. संध्याकाळी आपण आधी मोठी खिडकी बंद करतो, मग ती पावतीची. ब्राउझरच्या दृष्टीने शेवटचं सत्र म्हणजे ती एकटी पावती, म्हणून सकाळी तीच येते. बंद करताना तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'एक्झिट' करा, किंवा विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+क्यू दाबा, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र लक्षात ठेवल्या जातात.

'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' हे सेटिंग घरच्या कॉम्प्युटरवर जरूर ठेवा. लोकांची कामं होतात त्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. त्यात टॅबबरोबर, एरवी खिडकी बंद होताच पुसल्या जाणाऱ्या लॉगिनच्या कुकीजही परत येतात. काल संध्याकाळी शेवटी आलेल्या माणसाचं खातं आज सकाळी पहिल्या आलेल्यासमोर उघडं पडू शकतं. खिडकी बंद करणं म्हणजे लॉगआऊट नव्हे. लॉगआऊटचं बटण दाबायचं, आणि गिऱ्हाइकाला ते दाबलेलं दाखवायचं.

शुल्क भरताना टॅब गेला तर वेगळी काळजी घ्यायची. परत आल्यावर 'कन्फर्म फॉर्म रीसबमिशन' असं पान आलं तर रीलोड करून पुढे जाऊ नका. आधी पाठवलेली तीच माहिती पुन्हा पाठवायची का, असं ते विचारत असतं, आणि ती माहिती पैसे भरण्याची असू शकते. तो टॅब तसाच राहू द्या, बँकेचा मेसेज बघा, पोर्टलवर नव्याने लॉगिन करून पेमेंटची स्थिती बघा. पैसे कापले गेले आणि पोर्टलवर 'पेंडिंग' दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि थांबा.

मोबाइलवर

मोबाइलवर हेच दुखणं जास्त तीव्र असतं, कारण ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं किंवा फोटो काढायला कॅमेरा उघडला की अख्खा ब्राउझरच मागे जातो, आणि कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड त्याला मेमरीतून काढू शकतो. ओटीपी वरची पट्टी खाली ओढून तिथूनच वाचा, मेसेजचं ॲप उघडू नका. कागदांचे फोटो आधीच काढून गॅलरीत ठेवा. ओटीपी दुसऱ्या कोणाच्या फोनवर येणार असेल, तर तो माणूस फोनजवळ आहे का हे लॉगिन करण्याआधी विचारा. आमच्याकडे आता दाराशीच एक छोटी पाटी आहे: "आधारला जोडलेला मोबाइल कोणाकडे आहे? तो जवळ असेल तरच नंबर लावा." ती लावल्यापासून "ताई, परत पहिलं पान आलं" हे बरंच कमी ऐकू येतं.